फौजीचा पगार कमी आला, किंवा आलाच नाही, तर काय करावं?

एक तारीख उलटली की इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या घरी एखादा तरी फोन वाजतो. "काका, ह्यांचा पगार पुन्हा कमी आलाय. सकाळी बँकेत भांडून आले." मी बरीच वर्षं सैन्यात क्लार्क होतो आणि महूची लष्करी छावणी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ओळखीत फौजी घरं पुष्कळ. बँकेत भांडून प्रश्न सुटलेला मी क्वचितच पाहिला. घोळ बहुतेक वेळा दोन-तीन महिने आधी एखाद्या कागदात झालेला असतो.

म्हणून आधी पे स्लिप मिळवा. बँकेच्या मेसेजवरून फक्त आकडा कळतो, कारण कळत नाही. जवानांना स्लिप 'हमराज' ॲपवर दिसते. मागच्या महिन्याची आणि या महिन्याची स्लिप शेजारी-शेजारी ठेवून एकेका ओळीवर बोट ठेवत वाचा. मूळ पगार, मिलिटरी सर्व्हिस पे (जवान आणि जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, यांना ५,२०० रुपये) आणि महागाई भत्ता सहसा जागेवर असतात. हलतं ते घरभाडं, फील्डचे (खडतर भागातल्या नेमणुकीचे) भत्ते, मुलांच्या शिक्षणाचा भत्ता, आणि सगळ्यात जास्त वजावटीची बाजू. ही स्लिप नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिच्यावर आर्मी नंबर असतो.

स्लिपवर रक्कम पूर्ण आणि खात्यात मात्र काही नाही, असं असेल तरच बँक गाठा. तिथे खाते क्रमांक आणि आयएफएससी तपासा. बँकांच्या विलीनीकरणात पुष्कळ शाखांचे कोड बदलले. २०१९ साली देना आणि विजया बँक बडोदा बँकेत गेल्या तेव्हाही हेच झालं. मार्चच्या पगाराची घाई करू नका. केंद्र सरकारच्या नियमाने तो एप्रिलमध्ये निघतो आणि १ एप्रिलला बँका हिशेबासाठी बंद असतात.

स्लिपवरच रक्कम कमी असेल तर तुमचा रस्ता युनिटच्या क्लार्कपासून सुरू होतो. फौजेत लग्न, मूल, बदली, रजा, बढती, क्वार्टर मिळणं-सोडणं यातली प्रत्येक गोष्ट पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या अधिकृत नोंदीच्या आदेशात, छापावी लागते. ती ऑर्डर पे अकाउंट्स ऑफिसात, म्हणजे पगाराच्या हिशेब कार्यालयात, पोचली आणि मंजूर झाली, तरच पैसे हलतात. "ऑर्डर निघाली का?" एवढं विचारून गप्प बसू नका, "निघाली" हे उत्तर फार स्वस्त असतं. ऑर्डरचा नंबर आणि तारीख मागा, आणि ती मंजूर झाली की परत आली, हेही विचारा.

आमच्या शेजारच्या एका वहिनींचं असंच झालं. नवऱ्याची फील्डला बदली झाली, त्यांनी महूचं क्वार्टर सोडून इंदूरला भाड्याचं घर घेतलं. तीन महिने स्लिपवर क्वार्टरचं भाडं कापलेलंच, आणि घरभाडं भत्त्याची ओळ कोरी. ऑर्डर निघाली होती, पण आर्मी नंबरात दोन आकडे उलटसुलट झाले होते. हिशेब कार्यालयाने ती हरकत लावून परत पाठवली, आणि तो कागद जुन्या युनिटमध्ये पडून राहिला, जिथून माणूस केव्हाच गेलेला. अशा वेळी जुन्या आणि नव्या, दोन्ही युनिटांच्या क्लार्कना धरावं लागतं. क्वार्टर सोडल्याच्या कागदाची प्रत वहिनींनी जपून ठेवली होती, म्हणून काम लवकर झालं.

आता अर्ज. "पगार कमी आला आहे, कृपया लक्ष द्यावे" याला मी अर्ज म्हणत नाही. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, कोणत्या महिन्यापासून, स्लिपवरची कोणती ओळ, किती रुपये आणि कोणती ऑर्डर, एवढं लिहा. हिंदीत लिहिलेलं बरं, युनिटमध्ये तीच चालते. दोन्ही स्लिपा जोडा आणि पोच घ्या.

इथे लोक एक चूक हमखास करतात. जवानाचं पे अकाउंट्स ऑफिस तो कुठे नेमणुकीला आहे त्यावर नाही, तर त्याच्या रेजिमेंटवर ठरतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं (संदेशवहन दलाचं) जबलपूरला, ईएमईचं (इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्सचं) सिकंदराबादला. लष्करी अधिकाऱ्यांचा पगार पुण्याहून, हवाई दलाचा दिल्लीहून आणि नौदलाचा मुंबईहून निघतो. तेव्हा महूत खेटे घालून उपयोग नाही.

हातात काहीच आलं नसेल आणि स्लिपवर डेबिट बॅलन्स असेल, तर कधीतरी जास्त दिलेली रक्कम वसूल होते आहे. कशाची, किती, किती हप्त्यांत, हे लेखी विचारा. एकदम कापण्याऐवजी हप्ते मागता येतात. त्या महिन्यात घर चालत नसेल तर कमांडिंग ऑफिसरचा इंटरव्ह्यू, म्हणजे समोरासमोर भेट, मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तरीही हललं नाही तर आर्मी ॲक्ट, १९५० च्या कलम २६ खाली रीतसर तक्रार होते. अधिकाऱ्यांसाठी कलम २७ आहे. त्यापुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरण. मध्य प्रदेशसाठी त्याचं पीठ जबलपूरला आहे. आधी सैन्यातली ही रीतसर तक्रार झालेली असावी लागते, आणि अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. एका महिन्याच्या भत्त्यासाठी मी कुणाला तिथे पाठवणार नाही.

निवृत्तांची पेन्शन थांबली असेल तर संरक्षण पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर आधी जीवन प्रमाणपत्राची तारीख बघा. बहुतेकदा तिथेच अडलेलं असतं.

थकबाकी आली की स्लिप पुन्हा उघडा आणि महिने मोजा. तीनऐवजी दोनच महिन्यांचं घरभाडं जमा झालं असेल, तर त्याच आठवड्यात जुन्या अर्जाच्या पोचेचा हवाला देऊन लिहा. नव्याने अर्ज केलात तर तो पुन्हा रांगेच्या शेवटी जातो.