न घेतलेलं कर्ज नावावर निघालं तर काय करायचं

हर्णैला आमच्या चुलत भावाने होडीच्या इंजिनासाठी कर्ज मागितलं तर बँकेतले साहेब म्हणाले, तुझे आधीचेच हप्ते थकलेत. त्याने जन्मात कर्ज काढलं नव्हतं. सिबिल रिपोर्ट, म्हणजे नावावरच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, काढला, पॅन त्याचं, जन्मतारीख त्याची, पण मोबाईल नंबर भलत्याचाच आणि पत्ता अशा शहरातला जिथे तो कधी गेलेलाच नाही.

असं झालं तर आधी एक लक्षात ठेवा, एक रुपयाही भरायचा नाही. वसुलीवाले म्हणतात एक हप्ता टाक, बाकीचं मिटवू. टाकलात की कर्ज तुम्ही मान्य केलंत असंच ते दाखवणार. आणि सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर त्यांनी फोन करायचाच नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो त्यांना सांगा.

मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबर क्राईमच्या पोर्टलवर तक्रार, आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज, त्यात आयटी कायद्याचं कलम ६६ सी (66C), म्हणजे ओळख चोरीचं, लिहा. खात्यातूनच पैसे गेले असतील तर मात्र थांबू नका, लगेच १९३० आणि बँक दोन्हीकडे कळवा. चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, आणि तुम्ही ३ कामकाजी दिवसांत कळवलंत तर तोटा तुमच्या माथी येत नाही.

खरं काम पुढे आहे. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहून मागा: कर्जाचा अर्ज, केवायसीचा सेल्फी, करारपत्र, आणि पैसे कुठल्या खात्यात जमा झाले ते. भावाच्या केसमध्ये सेल्फीत माणूसच दुसरा निघाला, अन् खातंही त्याचं नव्हतं, तिथेच निम्मी लढाई जिंकली. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, हातोहात दिलंत तर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय हलू नका.

सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, कर्जांची नोंद ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांचे रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतात, आणि जिथे जिथे ते कर्ज दिसतंय तिथे डिस्प्यूट, म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार, टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे रोजचे १०० रुपये भरपाई त्यांना तुम्हाला द्यावी लागते. कर्ज देणाऱ्या कंपनीने महिनाभर दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, पैसे लागत नाहीत, माहितीला १४४४८.

कर्ज तुमचं नाही असं कंपनीकडून लेखी घ्या. भावाचा रिपोर्ट साफ झालाय, तरी ते पत्र आणि सगळ्या पोचा आम्ही जपून ठेवल्यात, कारण थकलेली कर्जं दुसऱ्या कंपनीला विकली जातात आणि कधीतरी नवाच माणूस फोन करतो.