घरगुती रुग्णसेवेचा दूरशिक्षण अभ्यासक्रम स्वयंसेवकांसाठी कसा आखावा

दूरशिक्षणाचा अभ्यासक्रम आखायला बसले की पहिला विषय निघतो तो पुस्तकाचा. धडे किती, लिहिणार कोण, छापणार कुठे. नाशिकमध्ये तर हे साहजिकच आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथे आहे; अभ्यासकेंद्र, स्वाध्याय, संमंत्रक (म्हणजे मार्गदर्शन करणारा शिक्षक) हे शब्द इथल्या घराघरांत रुळले आहेत. पण हाताने करायचे काम शिकवायचे असेल तर पुस्तक सगळ्यांत शेवटी लिहावे. आधी शेवटची परीक्षा ठरवायची, मग प्रात्यक्षिकाचे दिवस, मग संमंत्रक. या तिघांतून जे सुटते तेवढेच पुस्तकात घालायचे.

पुढचे सगळे एका उदाहरणावर बेतले आहे: अंथरुणाला खिळलेल्या किंवा थकलेल्या माणसाची घरी निगा राखणारे ३० स्वयंसेवक, मुदत १२ आठवडे. महिला मंडळ, बचत गट, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळ, कुठूनही आलेले. विषय दुसरा असला तरी आखणीचा क्रम हाच राहतो.

कामांची यादी आणि कामांची हद्द

‘रुग्णसेवेची माहिती होईल’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते तपासता येत नाही. उद्दिष्ट असे लिहावे, की समोर उभे राहून ‘जमले’ किंवा ‘नाही जमले’ एवढेच सांगता यावे. ६० तासांत आठच कामे नीट बसतात: साबणाने हात धुणे, कूस बदलणे, पलंगावरून व्हीलचेअरवर बसवणे, अंथरुणातच अंग पुसणे, तोंडाची निगा, भरवणे, ताप-नाडी-रक्तदाब मोजून नोंद करणे, आणि धोक्याची चिन्हे ओळखून १०८ ला फोन करणे. मधुमेह घाला, आहार घाला, योग घाला असा आग्रह समितीत कोणीतरी धरतेच. प्रत्येक नवीन विषयामागे आठांपैकी एक काम कच्चे राहते, हे तिथेच सांगून टाकावे.

याच्या शेजारी दुसरी यादी हवी, काय करायचे नाही याची. इंजेक्शन, सलाईन, नाकातल्या नळीतून भरवणे, लघवीची नळी बदलणे, खोल जखमेचे ड्रेसिंग, औषधाचा डोस कमी-जास्त करणे, हे काहीही नाही. ही यादी पहिल्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापा आणि रुग्णाच्या घरच्यांनाही तिची प्रत द्या. स्वयंसेवक स्वतःहून हद्द सहसा ओलांडत नाही. ‘ताई, तुम्ही कोर्स केलाय ना, मग एवढी सुई टोचा’ असे घरातलेच म्हणतात, आणि भिडेपोटी ती टोचली जाते. छापील कागद दाखवला की ती भीड मोडता येते.

तासांचा हिशेब

राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात १ श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे ३० तासांचे अध्ययन. आठवड्याला ३ तास घरचा अभ्यास धरला तर १२ आठवड्यांचे ३६ तास. प्रत्यक्ष भेटीचे ४ दिवस, दर दिवशी ६ तास, म्हणजे २४. एकूण ६०, म्हणजे २ श्रेयांकांइतके काम. घरकाम, शेत, दुकान सांभाळणाऱ्या माणसाकडून आठवड्याला ३ तासांपेक्षा जास्त मागू नये. कागदावर ६ तास लिहिले तरी मिळतात तीनच, आणि मग अर्धा अभ्यासक्रम न वाचताच पुढे सरकतो.

हे ६० तास स्वयंसेवेसाठी पुरतात, नोकरीसाठी नाही. जाहिरातीत ‘नोकरीची हमी’ किंवा ‘पदविका’ असे शब्द नकोत. संस्थेने स्वतःच्या नावाने फक्त पूर्ततेचे प्रमाणपत्र द्यावे आणि त्यावर आठ कामांची नावे व तास लिहावेत. सरकारमान्य प्रमाणपत्र हवे असेल तर आधी मुक्त विद्यापीठाशी किंवा राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाशी बोलून मान्यतेचा मार्ग ठरवा आणि मगच प्रवेश द्या. प्रवेश देऊन मान्यतेच्या मागे लागले की पहिली तुकडी हकनाक अडकते.

दिनदर्शिका शेतीची पाहून

जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि सगळ्यांना सोयीची एक तारीख नाही. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात एप्रिलची खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी आणि जानेवारीपासूनची काढणी हे तीन काळ सोडावे लागतात. कांद्याच्या गावांत डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड असते आणि मार्चपासून काढणी. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा इथे जुलै म्हणजे आवणी, भाताची लावणी. भात निघाला की पेठ-सुरगाण्याकडची पुष्कळ माणसे द्राक्षाच्या कामाला खाली उतरतात, त्यामुळे हिवाळ्यात ठेवलेली तुकडी तिथे निम्मी रिकामी होते.

म्हणून एका तुकडीत एकाच पट्ट्यातली माणसे घ्या. द्राक्षपट्ट्यासाठी पेरणी आटोपल्यावर, जूनच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. पश्चिमेच्या डोंगराळ तालुक्यांसाठी आवणी उरकल्यावर, ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत. दोन्हींच्या मध्ये गणपती येतात. त्या आठवड्यात नवीन पुस्तिका देऊ नका, उजळणी ठेवा. पश्चिमेच्या तुकडीत नवरात्रही येते. वणीच्या गडावर यात्रा असते तेव्हा त्या बाजूच्या एसटीत पाय ठेवायला जागा नसते. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत. त्या काळात नाशिक शहरात किंवा त्र्यंबकला भेटीचा दिवस ठेवूच नये.

भेटीची जागाही पट्ट्याप्रमाणे. सुरगाणा, कळवण, दिंडोरीला वणी बरे पडते, येवला, चांदवड, नांदगावला मनमाड, इगतपुरीकडच्यांना घोटी. वेळ सकाळी १०:३० ते ५, मध्ये अर्धा तास जेवण. ९ वाजता सुरू केले तर लांबच्या गावची माणसे पहिल्या तासाला मुकतात आणि तोच तास हात धुण्याचा असतो. जागा ठरवताना त्या गावाहून शेवटची एसटी किती वाजता सुटते हेही विचारून ठेवा.

भेटीचे चार दिवस

पहिली भेट पहिल्याच आठवड्यात, मग चौथा, आठवा आणि बारावा. सगळी प्रात्यक्षिके शेवटी एकत्र घेणे आयोजकांना सोपे जाते, पण त्यात अभ्यासक्रम बुडतो. पुस्तिका वाचून माणूस काम मनाने शिकतो, तेच चुकीचे तीन महिने घोटतो, आणि शेवटच्या दिवशी ती सवय मोडायला वेळ उरत नाही. शिवाय गळती लागते ती तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात. चौथ्या आठवड्याची भेट नेमकी तिथे पडली पाहिजे.

पहिल्या दिवशी हात धुणे, कूस बदलणे आणि तोंडाची निगा. दुसऱ्या दिवशी व्हीलचेअर आणि अंग पुसणे. तिसऱ्या दिवशी मोजमाप, भरवणे, धोक्याची चिन्हे. चौथा दिवस परीक्षेचा.

सामान ३० जणांना पुरेल असे: पाच पलंग किंवा पक्की बाके, पाच गाद्या, प्रत्येक पलंगाला दोन चादरी आणि चार उशा, दोन व्हीलचेअर, पाच रक्तदाब यंत्रे, दहा डिजिटल थर्मामीटर, बादल्या, साबण, जास्तीचे सेल. रक्तदाब यंत्राचा दंडाचा पट्टा एकाच मापाचा असतो आणि जाड दंडाला तो लहान पडला की रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. म्हणून एक मोठा पट्टा वेगळा घ्या. सगळे विकत घेण्याची गरज नाही. नाशिक हे आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे गाव; जिल्ह्यातल्या नर्सिंग कॉलेजांत स्किल लॅब असते आणि सुट्टीच्या दिवशी ती रिकामी असते. पत्र दोन महिने आधी द्या, त्यात माणसांची संख्या आणि तास स्पष्ट लिहा.

एका पलंगाभोवती सहापेक्षा जास्त माणसे नकोत. सहा जणांत एक रुग्ण, दोघे काम करणारे, एक तपासणी यादी वाचणारा, दोघे बघणारे. मग फेरी बदलायची. रुग्ण होऊन पडून राहिलेल्याला जे कळते (ओढताना खांदा कसा दुखतो, न सांगता पांघरूण काढले की कसे वाटते) ते पुस्तिकेत लिहून पोचत नाही.

परीक्षा

परीक्षा पाच स्थानकांची, म्हणजे पाच ठिकाणी एकेक काम करून दाखवायचे. प्रत्येक स्थानकावर ६ मिनिटे काम आणि २ मिनिटे सरकायला. पाच जणांची फेरी ४० मिनिटांत होते; ३० जणांच्या सहा फेऱ्यांना ४ तास. एका स्थानकावर दिवसभर एकच परीक्षक, म्हणजे माप सगळ्यांना सारखे लागते. शक्यतो ज्यांनी शिकवले ते परीक्षक नसावेत.

तपासणी यादी आठ ते दहा ओळींची, प्रत्येक ओळीपुढे ‘केले’ किंवा ‘नाही’. व्हीलचेअरची यादी अशी: हात धुतले, काय करणार ते रुग्णाला सांगितले, खुर्ची रुग्णाच्या बळकट बाजूला लावली, दोन्ही ब्रेक लावले, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केल्या, रुग्णाचे पाय जमिनीला टेकवून त्याला क्षणभर बसू दिले, चक्कर येते का विचारले, दंड किंवा काख धरून ओढले नाही, बसवल्यावर पाय पट्टीवर ठेवले. यातली ब्रेकची ओळ जाड ठशात छापा. ती चुकली की बाकी सगळे बरोबर असले तरी स्थानक पुन्हा द्यायचे. प्रत्येक कामात अशी एखादी ओळ सापडतेच. भरवताना ती ‘रुग्णाला बसते केले’ ही असते, कारण आडवे भरवले की घास श्वासनलिकेत जातो. रक्तदाबात ‘५ मिनिटे शांत बसवले’. चालून आल्याबरोबर घेतलेला आकडा निरुपयोगी.

ही यादी परीक्षेच्या दिवसापर्यंत गुप्त ठेवण्यात काही मतलब नाही. ती पहिल्या आठवड्यातच हातात द्या.

संमंत्रक

सहा जणांमागे एक, म्हणजे पाच संमंत्रक. निवृत्त परिचारिका, आरोग्यसेविका, फिजिओथेरपिस्ट चालतील. विषयाचे ज्ञान लागतेच, पण त्याहून जास्त लागते ती फोन करण्याची चिकाटी. काम ठरलेले असावे: आठवड्यातून प्रत्येकाला एक फोन, ७ ते ८ मिनिटांचा, ठरल्या वारी ठरल्या वेळी. ‘अभ्यास झाला का’ असे विचारू नये, उत्तर ‘हो’ असेच येते. ‘काल कूस बदलताना उशी कुठे ठेवली?’ असे विचारावे. बऱ्याच घरांत फोन नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो, म्हणून प्रवेशाच्या अर्जावर ‘फोन तुमच्या हातात केव्हा असतो’ हा रकाना हवा. लागोपाठ दोन फोन लागले नाहीत तर त्याच गावच्या दुसऱ्या स्वयंसेवकाकडून निरोप. तिसऱ्या आठवड्याची वाट पाहू नका. संमंत्रकांना मानधन आणि फोनचा खर्च द्या. फुकट काम करणाऱ्याकडून वेळेचा हिशेब मागता येत नाही.

आता पुस्तिका

एक जाड पुस्तक नको. आठवड्याला एक, अशा बारा पुस्तिका. ए-४ चे चार कागद पाठपोट छापून मधे दुमडले की ए-५ ची १६ पाने होतात. एका संचाला ४८ कागद. ३० अधिक ३ जादा, असे ३३ संच म्हणजे १,५८४ कागद. तीन रिमांत ते बसत नाहीत, चार घ्या. अक्षर १४ पॉइंटचे. सगळे एकदम छापू नका, तीन-तीन पुस्तिकांच्या चार खेपा करा. पहिल्या खेपेत लोक जिथे अडखळले ते दुसऱ्या खेपेत सुधारता येते.

वाक्ये छोटी, आज्ञार्थी, एका वाक्यात एक कृती. ‘रुग्णाची स्थिती नियमितपणे बदलणे आवश्यक असते’ असे नको. ‘दर २ तासांनी कूस बदला. बदलल्याची वेळ वहीत लिहा. माकडहाड, टाचा, खुबा बघा. लाल जागा बोटाने दाबा. सोडल्यावर लाली तशीच राहिली तर कळवा’ असे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून ‘तिथे गरम किंवा टणक लागते का’ हेही लिहा. ओआरएसची १ लिटरची पुडी एका वेळी पूर्ण १ लिटर पाण्यात, आणि २४ तासांनी उरलेले फेकून द्यायचे. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पुडी थोडी थोडी करून पेल्यात घालणे. ती पुस्तिकेत नाव घेऊन लिहावी. मापासाठी १ लिटरची पाण्याची बाटली सांगा, ती प्रत्येक घरात सापडते.

सोबत ध्वनिफीत हवी, कारण चष्मा नसलेले आणि वाचायचा सराव सुटलेले स्वयंसेवक बरेच असतात. एक फीत ६ मिनिटांपेक्षा मोठी नको. ६४ केबीपीएसवर, मोनोत रेकॉर्ड केली की ती ३ एमबीच्या आत बसते आणि कमी रेंजमध्येही व्हॉट्सॲपवर उतरते. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद ठेवा. मालेगाव, बागलाणकडे अहिराणीत, मालेगाव शहरात उर्दूतही फीत करा. पुस्तिका मराठीतच राहिली तरी चालते, बोलण्याचा आवाज मात्र ओळखीचा हवा. चित्रफिती फक्त उचलण्या-वळवण्याच्या कामांच्या, दीड मिनिटाच्या.

स्वाध्याय उतरवता येणार नाही असा द्या. ‘जंतुसंसर्ग म्हणजे काय’ विचारले की सहाही वह्यांत एकच उत्तर येते. ‘तुमच्या घरातल्या पलंगाची उंची मोजा, तुमच्या गुडघ्यापेक्षा ती किती कमी-जास्त आहे लिहा, आणि वाकावे लागू नये म्हणून काय कराल ते सांगा’ याचे उत्तर दुसऱ्याच्या वहीत नसते. सराव घरच्या धडधाकट माणसावर. रुग्णाचे फोटो गटात टाकायला पहिल्या दिवशीच बंदी घाला. वही ७ दिवसांत परत, आणि तिच्यात एकच सुधारणा लिहून. लाल शाईने भरलेले पान कोणी वाचत नाही.

परीक्षेत न जमलेल्यांना ती स्थानके १५ दिवसांनी पुन्हा द्यावीत, सगळी परीक्षा नव्हे. निकालाचा तक्ता व्यक्तीप्रमाणे लावून झाला की ओळीप्रमाणेही लावा. तीसपैकी दहा जणांची एकच ओळ चुकली असेल तर पुढच्या तुकडीआधी ती पुस्तिका आणि त्या दिवसाचे प्रात्यक्षिक बदलायचे. प्रमाणपत्रावर एक वर्षाची मुदत टाका. वर्षाने अर्धा दिवस उजळणी आणि दोन स्थानके, मग नवीन तारीख.