ड्रॅमॅटिक सोप्रानो ऐकायची कशी

सोप्रानो म्हणजे ऑपेरातला सर्वांत उंच स्त्री-आवाज; मोठ्या वाद्यवृंदावरूनही पोचणारा त्यातला भारदस्त प्रकार तो ड्रॅमॅटिक. हार्मोनियमवर काळी चारचा सा धरा. आपल्या पुष्कळ गायिकांची पट्टी याच्याच आसपास असते. तिथून अतितार सप्तकातल्या शुद्ध गंधारावर जा. ऑपेरातल्या सोप्रानोचा तो प्रसिद्ध ‘हाय सी’ हाच. सुरुवातीला मी याच स्वराची वाट बघत बसायचे. जिचा आवाज सर्वांत वर चढेल ती ड्रॅमॅटिक, अशी माझी समजूत होती. नॉर्वेच्या ड्रॅमॅटिक सोप्रानो कर्स्टन फ्लॅगस्टाडनी ती मोडली. १९५२ साली वाद्यवृंदाचे संचालक फुर्टवेंगलर यांच्याबरोबर वाग्नरचा ‘ट्रिस्टान उंड इझोल्ड’ हा ऑपेरा ध्वनिमुद्रित करताना नायिका इझोल्ड गाणाऱ्या बाई ५६ वर्षांच्या होत्या आणि त्यांचे हाय सी एलिझाबेथ श्वार्त्सकोफ या दुसऱ्या सोप्रानोनी गायले. ते मुद्रण आजही मी सगळ्यांना आधी ऐकायला सांगते, कारण या आवाजाचं मोठेपण मधल्या सप्तकात आहे.

तुलना करायची तर पुच्चिनीचा ‘तुरांदोत’ घ्या. त्यात दोन सोप्रानो आहेत. १९६५चं, मोलिनारी-प्रादेल्ली यांनी संचालित केलेलं मुद्रण मिळवा: दासी ल्यूच्या भूमिकेत रेनाता स्कोत्तो, तुरांदोतच्या भूमिकेत बिर्गिट निल्सन. पहिल्या अंकात ल्यूचं ‘सिन्योरे, आस्कोल्ता’ ऐका. हा लिरिक, म्हणजे हलका, गेय आवाज. वाद्यवृंद त्याच्यासाठी वाट मोकळी करून देतो. राजकन्या तुरांदोत त्या अंकात एक अक्षरही गात नाही. दुसऱ्या अंकात ‘इन क्वेस्ता रेज्जा’ सुरू होतं तेही शांतपणे, आपल्या पूर्वज स्त्रीची कथा सांगत. इथे घाई करून पुढे जाऊ नका. खालच्या स्वरांतही आवाज भरीव राहतो का, शब्द दाणेदार येतात का, ते बघा. पुढे वाद्यं चढत जातात, आणि निल्सन त्यांच्यावरून सरळ निघून जातात.

आता हेडफोन काढा. स्पीकर बेताच्या आवाजात लावून दार उघडं ठेवा आणि शेजारच्या खोलीत जाऊन उभ्या राहा. जाड, गडद वाटणारे कितीतरी आवाज तिथे वाद्यांत विरघळून जातात. खरा आवाज भिंतीपलीकडेही स्वच्छ येतो. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या आसपास जास्त असतो, वर तो कमी होत जातो. कसलेल्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपासचे उपस्वर तेजस्वी असतात, म्हणून मायक्रोफोनशिवाय तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. उत्तम जवारी लावलेला तानपुरा आठवा. तो जोरात वाजत नाही, तरी ऐकू येतोच.

वाग्नरच्याच ‘वाल्क्यूरे’ ऑपेरातल्या ब्रुनहिल्डच्या ‘होयोतोहो’ या आरोळीवरून मात्र निकाल देऊ नका. ती क्षणभराची असते आणि ताज्या गळ्यावर येते. खरी परीक्षा दमलेल्या गळ्याची. त्यासाठी जर्मनीत बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात १९६६ साली कार्ल ब्योम यांनी संचालित केलेला निल्सनचा ‘ट्रिस्टान’ ऐका, प्रत्यक्ष प्रयोगातला. शक्यतो सलग.

गाणं शिकणाऱ्या मुली हे ऐकून जीभ मागे ओढून आवाज काळा करू बघतात. कृपा करून तसं करू नका, गळा बसतो. फ्लॅगस्टाड १९१३पासून रंगमंचावर होत्या, पण पहिली इझोल्ड त्यांनी गायली ती १९३२ साली. मधली एकोणीस वर्षं बरीचशी ऑपरेटा (हलकीफुलकी संगीतनाट्यं) आणि हलक्या भूमिकांत गेली. या आवाजाला पिकायला तेवढा वेळ लागतोच.

‘ट्रिस्टान’मध्ये सुमारे चार तासांच्या संगीतानंतर इझोल्डचा ‘लीबेस्टोड’, म्हणजे प्रेममृत्यूचं अखेरचं गाणं, येतो. लाट उसळून ओसरते आणि अखेरचा शब्द उरतो, ‘लुस्ट’, म्हणजे आनंद. सूर काळी तीनचा, आणि अतिशय हळुवार. इतक्या मोठ्या आवाजाला तो स्वर न थरथरता, श्वासाच्या टोकावर ठेवता येतो का, तेवढंच ऐका. त्यानंतर वाद्यांचे शेवटचे स्वर पूर्ण विरेपर्यंत हात बटणाकडे नेऊ नका.