ख्याल ऐकताना मन लागत नाही? या चुका टाळा

विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं रागदारी गाणं, लावला आणि पाचव्या मिनिटाला हात फोनकडे गेला, असं आता भल्याभल्यांचं होतं. वर्षानुवर्षं गाणं ऐकत आलेले लोकही ही तक्रार करतात, आणि मग "आपल्याला शास्त्रीय कळत नाही" असं म्हणून मोकळे होतात. कळण्याचा प्रश्न फार नंतरचा. ख्याल ऐकताना आत्ताचा स्वर कानावर पडत असताना मघाचा स्वर लक्षात असावा लागतो. मागच्या आवर्तनात, म्हणजे तालाच्या मागच्या फेरीत, गायक जिथे पोहोचला होता त्याच्या अलीकडेच या वेळी थांबला, ही गंमत मघाचं ज्याला आठवतंय त्यालाच मिळते. आठवणीचा हा धागा तुटला की उत्तम गाणंही लांबण लावल्यासारखं वाटतं. बहुतेक चुका हा धागाच तोडतात.

गाणं पुढे सरकवणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. एकताल हा ताल 12 मात्रांचा, म्हणजे 12 ठोक्यांचा. अतिविलंबित लयीत एकेक मात्रा चार सेकंदांपर्यंत जाते, म्हणजे एकच आवर्तन पाऊण मिनिटाच्या वर चालतं. आपण बोटाने दहा-दहा सेकंद पुढे ढकलतो तेव्हा एका आवर्तनातच चार-पाच उड्या मारतो. मुखडा (बंदिशीची पुन्हा पुन्हा येणारी सुरुवात) कुठून उचलला, सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कुठे आली, काहीच हाती लागत नाही.

शिवाय बढत, म्हणजे रागाचा स्वरास्वराने होणारा विस्तार, निसटते. यमन राग घ्या. गायक मंद्र (खालच्या सप्तकातल्या) निषादावरून रिषभ, गंधार असा येतो आणि गंधारावर रेंगाळतो. तीव्र मध्यमाला नुसता स्पर्श करून मागे फिरतो. पंचम बराच वेळ राखून ठेवतो. अखेर तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागतो तेव्हा सभागृहातून दाद येते, ती एवढा वेळ त्या षड्जाची वाट पाहिलेल्या लोकांची असते. थेट त्याच ठिकाणी उडी मारणाऱ्याला तो एक उंच स्वर वाटतो, बस.

उपाय: पहिली पंधरा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. आकाशवाणीवर 1952 पासून संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम लागायचा, तेव्हा रेडिओ पुढे सरकवायची सोयच नव्हती. ऐकणाऱ्यांचे कान त्यातूनच तयार झाले.

पंधरा मिनिटं जड जात असतील तर जुन्या 78 आरपीएमच्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) ग्रामोफोन तबकड्यांपासून सुरुवात करा. एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे गायकांनी राग त्यात आटवून बसवलेला असतो. 1977 साली व्हॉयेजर अंतराळयानांवर पाठवलेलं गायिका केसरबाई केरकरांचं भैरवीतलं गाणं असंच साडेतीन मिनिटांचं आहे. ते लागोपाठ तीनदा ऐका. पहिल्यांदा सरळ ऐका, दुसऱ्यांदा फक्त ठेक्याकडे, म्हणजे तबल्यावरच्या तालाकडे, कान द्या, तिसऱ्यांदा प्रत्येक वेळी केसरबाई मुखड्यावर कशा येतात तेवढंच पाहा. तबकडीच्या खरखरीला घाबरून बंद करू नका, थोड्या वेळाने कान ती आपोआप बाजूला काढतो.

सम सापडत नाही म्हणून मात्रा मोजत बसणं

बोटांवर मोजणारा बहुतेकदा समेवर बरोबर पोहोचतो, पण मधलं गाणं त्याने ऐकलेलंच नसतं. त्यापेक्षा तबल्यातली खूण धरा. एकतालात 'तिरकिट' दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्यानंतर 'तू ना' वाजतं, त्यात डग्ग्याचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) घुमारा नसतो. दुसऱ्यानंतर 'धी ना' येतं आणि डग्गा घुमतो. त्या दोन मात्रा झाल्या की सम. साधारण त्याच सुमाराला गायक मुखडा उचलतो. दोन-तीन आवर्तनं एवढंच ऐका, मग सोडून द्या. सम आपोआप अंगात येते.

रागाचं नाव ओळखण्याची घाई

नाव सुचलं की ऐकणं थांबतं, हा अनुभव अनेकांचा आहे. भूप आणि देशकार दोघांचेही स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूप संध्याकाळी गातात आणि तो गंधारावर विसावतो. देशकार सकाळचा, त्याचं सगळं वजन धैवतावर आणि वरच्या भागात. नुसते स्वर मोजून हा फरक सापडणार नाही. दोन्ही राग लागोपाठ लावा आणि मनाशी एकच विचारा: गायक थांबतो कुठे, आणि कुठून फक्त जातो? हे कळायला लागलं तर नाव नंतर विचारून घेतलं तरी चालेल.

फोनच्या स्पीकरवर ऐकणं

यात सगळ्यात आधी तानपुरा मरतो. त्याची शेवटची तार खर्जाची, म्हणजे खालच्या साची. जवारी (घोडीवर साधलेला तारेचा झंकार) नीट लागलेली असेल तर त्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. गायक त्याच नादात आपला स्वर मिसळत असतो. फोनचा चिमुकला स्पीकर खर्ज नीट देऊ शकत नाही, त्यामुळे गाण्याखालची जमीनच जाते आणि उरतो नुसता पातळ आवाज. साधे वायरवाले हेडफोन पुरेत. आवाज कमीच ठेवा.

मैफलीत फोन वर धरून चित्रण करणं हीसुद्धा चूकच, आणि मला तिचा राग येतो. पुण्यात भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवापासून ते गल्लीतल्या घरगुती बैठकीपर्यंत, त्या उजळलेल्या पडद्यामुळे मागच्या चार जणांचं लक्ष मोडतं. चित्रण करणाऱ्याचं लक्ष तर गाण्यावर नसतंच.

एक संपलं की लगेच दुसरं

ऑटोप्ले आधी बंद करा. ख्याल संपल्यावर कुठली जागा डोक्यात राहिली ती गुणगुणून पाहा, बेसूर असली तरी हरकत नाही. एखादी वळणं घेत समेवर आलेली तान असेल, नाहीतर निषादावरचा साधा ठहराव. मध्येच अडलात तर रेकॉर्डिंगमधली तेवढीच दोन मिनिटं पुन्हा ऐका आणि तुमच्या गुणगुणण्यातून कोणता स्वर सुटला होता ते शोधा.