समोरच्या दाताची कॅप: फिक्स करायच्या आधी खिडकीपाशी जा

समोरचा दात मोडला की माणूस घाईला येतो. कॉलेजात असताना बॉल लागून माझा वरचा पटाशीचा दात अर्धा तुटला, रूट कॅनॉल झालं, डॉक्टर म्हणाले कॅप बसवू, मी म्हटलं बसवा. कसली, कुठल्या शेडची, काही म्हणजे काही विचारलं नाही, तोंड उघडल्यावर भोक दिसू नये एवढंच डोक्यात होतं. ती निघाली मेटल-सिरॅमिक, म्हणजे आत धातूची टोपी आणि वरून पोर्सेलिन. सात-आठ वर्षांनी हिरडी जराशी वर सरकली आणि दाताच्या बुडाशी करडी रेघ दिसायला लागली. बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती रेघ आहे, आणि फ्लॅश पडलाय तिथे तो एकटाच दात खडूसारखा पांढरा. आत्या अल्बम चाळता चाळता म्हणाली, "हा दात उसना आणलायस का रे?"

म्हणून दुसऱ्यांदा कॅप करताना जरा डोकं लावलं, दोन-तीन डेंटिस्टना भंडावून सोडलं, त्यातलं कामाचं तेवढं लिहितोय. मी डॉक्टर नाही, तुमच्या तोंडात काय चाललंय ते तुमचा डेंटिस्टच सांगेल, पण काय विचारायचं ते माहीत असलेलं बरं.

सगळ्यात आधी, कॅप खरंच हवीय का ते विचारा. कॅपसाठी दात चारही बाजूंनी साधारण एक ते दीड मिलिमीटर तासतात आणि तासलेलं परत उगवत नाही. नुसता कोपरा उडाला असेल तर कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं भरण, लावून भागतं, पुढचाच भाग खराब असेल तर व्हिनियर, म्हणजे फक्त समोरून चिकटवायचा पातळ पापुद्रा, होतं, त्यात तासणं बरंच कमी. रूट कॅनॉल झालेला, अर्ध्याहून जास्त गेलेला दात असेल तर मग कॅप. आणि कुणी म्हणालं की मॅचिंगसाठी शेजारचा चांगला दातही कापून जोडीने दोन कॅप करू, तर मी तरी हो म्हणणार नाही. एकच पटाशीचा दात मॅच करणं हे ह्या धंद्यातलं सगळ्यात किचकट काम आहे हे खरंय, पण म्हणून धडधाकट दाताचा बळी कशाला.

आता मटेरियल. खऱ्या दातात उजेड थोडा आत शिरतो, कडेला तर दात जवळजवळ काचेसारखा असतो, आरशात जीभ मागे नेऊन बघा, कड किंचित निळसर-राखाडी दिसेल. आत धातू असला की तो झाकायला आधी एक अपारदर्शक थर द्यावा लागतो, उजेड तिथेच अडतो आणि दात मेल्यासारखा दिसतो. म्हणून समोर मेटल नकोच, दाढेला ठीक आहे. मग उरतात मुख्यतः दोन. एक ई-मॅक्स, लिथियम डायसिलिकेट नावाची काचेच्या जातीची सिरॅमिक, उजेड छान खेळतो तिच्यात, आणि ती आतून ॲसिडने खरवडून रेझिन सिमेंटने दाताला अक्षरशः चिकटवता येते. दुसरं झिरकोनिया. ताकदीला झिरकोनिया फार पुढे, जुन्या पांढऱ्याफटक प्रकाराची ताकद हजार मेगापास्कलच्या आसपास, ई-मॅक्सची चारशेच्या घरात. दुकानदारासारखं हा आकडा सांगून झिरकोनिया गळ्यात मारतात, पण समोरच्या दाताने आपण अडकित्त्याचं काम करत नाही, तिथे ई-मॅक्स बहुतेकांना पुरते. शिवाय झिरकोनिया म्हणजे काही एकच वस्तू नाही, जास्त पारदर्शक प्रकार येतो त्याची ताकद कमी असते, आणि झिरकोनियावर पोर्सेलिनचे थर चढवलेला प्रकार येतो तो दिसायला सुंदर पण वरचा थर कधी कधी टवका उडून जातो. म्हणून नुसतं "झिरकोनिया टाकतो" म्हणाले की थांबा, कुठला ते विचारा.

ह्यात एक गोम आहे जी मला पहिल्या डॉक्टरांनी सांगितलीच नव्हती. रूट कॅनॉल झालेला दात आतून बऱ्याचदा काळपट पडतो. माझा तासून झाल्यावर आरसा मागितला तर ते खुंट चहात बुडवलेल्या पार्ले-जीच्या रंगाचं होतं. अशा खुंटावर पारदर्शक कॅप बसवली की आतला काळेपणा वर झिरपल्यासारखा दिसतो, मग दोन हजार जास्त मोजूनही दात मळकटच. उपाय आहेत, आतून ब्लीच करतात, आत पोस्ट, म्हणजे खुंटाला आधार द्यायला मुळात बसवायची काडी, लागलाच तर धातूच्या ऐवजी फायबरचा घालतात, नाहीतर कमी पारदर्शक मटेरियल घेऊन वरून थर देतात. पण कॅप बनवणाऱ्या लॅबला खुंटाचीही शेड कळवावी लागते, फक्त शेजारच्या दाताची नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, "खुंटाचा फोटो लॅबला पाठवणार ना?"

शेड घ्यायच्या दिवशी सगळा खेळ असतो. दवाखान्यात शेड जुळवायची ती नकली दातांची पट्टी असते ना, तिच्या जुन्या नेहमीच्या प्रकारात सोळा शेड्स, ए, बी, सी, डी असे गट, ए लालसर-तपकिरी, बी पिवळसर, सी राखाडी, डी लालसर-राखाडी, आणि आकडा वाढला की गडद. माझी ए२ आणि ए३ च्या मधली निघाली आणि मला आधी अपमानच वाटला. पण हवा तो पांढरा रंग सांगायची ही जागा नाही, शेजारी जसा आहे तसाच पाहिजे. अजून पांढरे हवे असतील तर आधी सगळे दात ब्लीच करून घ्या, निदान दोन आठवडे थांबा, मग शेड. कॅप नंतर ब्लीच होत नाही, हा क्रम उलटा झाला की संपलं.

शेड बघायची ती आल्या आल्या, ड्रिल सुरू व्हायच्या आधी. तोंड उघडं ठेवून दात सुकले की पांढरे दिसतात आणि परत मूळ रंगावर यायला तासन्‌तास जातात. लिपस्टिक पुसून जा, भडक कपडे असतील तर वर एप्रन घ्या, आणि पट्टी घेऊन खिडकीपाशी चला, थेट ऊन नसलेलं, नुसतं दिवसाच्या उजेडाचं ठिकाण. खुर्चीवरच्या पिवळ्या दिव्यात जुळलेली शेड बाहेर रिक्षात बसल्यावर वेगळीच निघते. एकटक बघू नका, पाच-सात सेकंद बघा आणि नजर हलवा, नाहीतर डोळा फसतो. पट्टीवरचा दात आपल्या दाताला टेकवून, नंबर दिसेल असा फोटो काढायला सांगा, लॅबमधल्या टेक्निशियनने तुम्हाला पाहिलेलंच नसतं. एकसारखा रंग सांगूच नये खरं तर, हिरडीकडे जास्त पिवळा, कडेला पारदर्शक, सुळा तर पटाशीपेक्षा गडदच असतो. यवतमाळ-चंद्रपूरकडे पाण्यात फ्लोराइड असलेल्या गावांतल्या लोकांच्या दातांवर पांढरे-तपकिरी ठिपके असतात, तिथे एकरंगी कॅप बसवली तर तीच उठून दिसणार, टेक्निशियनने ठिपकेही रंगवायला हवेत. मिशरी लावणाऱ्यांनी आधी दात साफ करून घ्यावेत, नाहीतर डागालाच शेड मॅच व्हायची.

रंगापेक्षा आकार चुकला तर लवकर कळतो, हे मला उशिरा पटलं. शाळेतला, दात मोडायच्या आधीचा हसरा फोटो शोधून द्या. टेम्पररी कॅप घातली की त्यावर आठवडाभर बोलून बघा, "वीज", "फोन" म्हणताना कड खालच्या ओठाला हलकीच टेकली पाहिजे, अडकत असेल तर लांब झालीय. ह्याच दिवसांत हिरडी नीट राखा. हिरडीतून रक्त येत असताना माप घेतलं तर कॅपची कड नीट बसत नाही.

आणि शेवटचा दिवस. कॅप आली की डॉक्टर आधी नुसती घालून दाखवतात, ई-मॅक्स असेल तर सिमेंटच्या रंगाची धुवून जाणारी ट्राय-इन पेस्ट लावूनही दाखवता येते. इथे संकोच सोडा. मी आरसा घेऊन गॅलरीत गेलो, बायकोला आत बोलावलं, ती म्हणाली डावा जास्त गुळगुळीत दिसतोय, आणि खरंच शेजारच्या दातावर बारीक आडव्या रेषा होत्या, ह्याच्यावर नव्हत्या. कॅप परत लॅबला गेली, चार दिवस गेले, रेषा होऊन आली. सिमेंट लागल्यावर हे सांगितलं असतं तर कॅप कापूनच काढावी लागली असती.

वॉरंटी कार्ड मिळतं ते घ्या आणि वाचा, कॅप फुटली तर बहुतेक कार्डं कामाला येतात, आतला दात किडला किंवा रंग आवडला नाही तर नाही. रात्री दात खायची सवय असेल तर नाइटगार्ड, म्हणजे झोपताना दातांवर चढवायचं कव्हर, तोही त्याच वेळी करून घ्या, माझा करवून घेतला तो पहिले दोन महिने उशीखालीच होता.