ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला तरी दवाखान्यात या

नाशिकला थंडी पडली की आमच्या कॅज्युअल्टीत बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेली माणसं यायला लागतात. मी तिथे १४ वर्षं नर्स आहे. एका जानेवारीत पहाटे शालीत गुंडाळलेली एक ताई आली, केसांत शांपूचा फेस तसाच. नवऱ्याने बोटाला ऑक्सिमीटर लावला होता. सारखा म्हणत होता, "सिस्टर, ऑक्सिजन ९८ आहे, मग ही डोळे का उघडत नाही?"

त्या ९८ वर विसंबू नका. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरला हवा पुरत नाही, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. कोळशाच्या शेगडीचंही तेच. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो, आणि बोटावरच्या यंत्राला हा फरक कळत नाही. ते दोन्ही एकत्रच मोजतं. खरं काय ते रक्ताच्या तपासणीतच दिसतं.

हाकेला ओ आली नाही तर कडी तोडा. दार-खिडकी सताड उघडा, गीझर आणि रेग्युलेटर बंद करा आणि माणसाला लगेच मोकळ्या हवेत ओढून आणा. उपचार आत करत बसू नका, तुम्हीही पडाल. १०८ ला फोन करताना "गॅस गीझर" हे शब्द आवर्जून सांगा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबत राहा. कांदा हुंगवणं, तोंडात पाणी घालणं नको.

आता ऑक्सिजनचं. कोविडमध्ये घेतलेलं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, बऱ्याच घरांत आहे. गाडी येईपर्यंत ते जरूर लावा, पण त्याच्या भरवशावर माणूस घरी ठेवू नका. ५ लिटरच्या मशीनला नाकात नळी लावली की बाहेरची हवा मिसळते, आणि इथे तर जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन हवा. तो पिशवीवाल्या मास्कने मिळतो. आम्ही त्याला एनआरबीएम म्हणतो. मिनिटाला १० ते १५ लिटर सोडायचा, आधी पिशवी पूर्ण फुगवून घ्यायची, मगच मास्क तोंडावर घट्ट बसवायचा. श्वास घेताना पिशवी पार चिपकत असेल तर ऑक्सिजन कमी पडतोय, लिटर वाढवायला सांगा. जवळ दिवा, उदबत्ती, काडी काही नको.

एवढा आटापिटा का, तर साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कवर साधारण तास-दीड तास. पाचव्या मिनिटाला डोळे उघडले म्हणून नातेवाईक मास्क काढून चहा पाजायला निघतात, तेव्हा मी कठोर होते. त्रास पूर्ण जाईपर्यंत, पुष्कळदा सहा-सहा तास, मास्क राहू द्या. जास्त दाबाच्या बंद कक्षात, म्हणजे हायपरबॅरिक चेंबरमध्ये, हाच वेळ अर्ध्या तासाच्या आत येतो. पण ती सोय थोड्याच मोठ्या शहरांत आहे. बेशुद्ध पडलेली, छातीत दुखणारी किंवा गरोदर व्यक्ती असेल तर डॉक्टरांना त्याबद्दल स्वतःहून विचारा. पोटातल्या बाळाच्या रक्तातून हा वायू आईपेक्षा सावकाश निघतो, म्हणून आईला बरं वाटलं तरी ऑक्सिजन लांबवावा लागतो.

घरी गेल्यावरही महिना-दीड महिना लक्ष ठेवा. विसरायला होणं, चिडचिड, चालताना तोल जाणं, यातलं काहीही दिसलं तर "थकवा असेल" म्हणून सोडू नका, परत या.

आणि येताना घरातल्या सगळ्यांना घेऊन या. त्या पहाटे ताईचा सहा वर्षांचा मुलगा स्वेटर उलटा घालून दाराशी उभा होता. नवरा म्हणाला, "त्याला काही नाही, रात्री जेवण बाधलंय, उलटी झाली." मी त्याला आईशेजारच्या खाटेवर बसवलं आणि लहान मास्क मागवला.