खारफुटीतला कचरा इन्फ्रारेड पोलरायझेशनने कसा शोधायचा

वर्सोव्याकडच्या खारफुटीत हिरवी बाटली हिरव्या पानांत आणि काळं टायर काळ्या चिखलात असं काही बेमालूम लपतं की रंगावर शोधायला गेलात तर दिवस जाईल. रंग सोडा, गुळगुळीतपणा बघा. काच, प्लास्टिक, रंगवलेला पत्रा यांच्यावरून तिरकस कोनात येणारा प्रकाश बऱ्यापैकी पोलराइज्ड असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत हलतात, पानं नि गवत मात्र तो सगळीकडे विस्कटून टाकतात.

मग इन्फ्रारेड कशाला? कारण नियर इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्या लगेच पलीकडच्या प्रकाशात, पानं पांढरीफटक दिसतात, प्रकाश त्यांच्या आत शिरून विखरून बाहेर येतो आणि होतं नव्हतं ते पोलरायझेशनही पुसलं जातं. काळ्या वस्तूंचं बरोब्बर उलट, म्हणून टायर सगळ्यात भारी दिसतं आणि थर्माकोल, पांढरा नि खडबडीत असल्यामुळे, हमखास निसटतो.

सामान फार नाही. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचा नोआयआर कॅमेरा (इन्फ्रारेड न अडवणारा), फक्त इन्फ्रारेड आत सोडणारा ८५० नॅनोमीटरचा फिल्टर, ट्रायपॉड. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारून बघा. पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत हलणारा प्रकाश आरपार सोडणारा फिल्टर, मात्र वायर ग्रिडवालाच (बारीक समांतर तारांच्या जाळीचा) घ्या कारण फोटोग्राफीचे नेहमीचे पोलरायझर बहुतेक करून इन्फ्रारेडमध्ये कुचकामी ठरतात. दोन तुकडे काटकोनात एकावर एक धरा, डोळ्याला काळं दिसतंय पण कॅमेऱ्यात आरपार दिसतंय? तर घेऊ नका.

आता एक्सपोजर आणि गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) लॉक करून पोलरायझर ०, ४५, ९० आणि १३५ अंशांवर फिरवत चार रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो काढा. ० च्या फोटोतून ९० चा वजा, ४५ च्या फोटोतून १३५ चा वजा, दोन्हींचे वर्ग करून बेरीज, तिचं वर्गमूळ, आणि त्याला ० अधिक ९० ने भागा. पायथॉनमध्ये चार ओळींचं काम आहे. येणाऱ्या फोटोत जे चमकतं ते तपासायचं. सरळ वरून खाली शूट करू नका, काचेला तिच्या लंबापासून मोजलेला साधारण ५६ अंशांचा तिरपा कोन सगळ्यात चांगला. जायचं सकाळी लवकर, कारण एकदा का खाऱ्या वाऱ्याने पानं हलायला लागली की चार फोटो जुळत नाहीत आणि प्रत्येक फांदीच्या कडेला खोटं पोलरायझेशन दिसतं. ढगाळ दिवस उत्तम, निरभ्र आकाश स्वतःच पोलराइज्ड असतं त्यामुळे घोळ होतो.

खरी डोकेदुखी ओहोटीनंतरचा ओला चिखल, तो पण लख्ख चमकतो. पण चिखल आडवा पसरलेला असल्याने पोलरायझेशनची दिशा सगळीकडे जवळपास एकच येते, बाटलीच्या गोलाईवर ती बदलत जाते, म्हणून दिशेचा नकाशा वेगळा काढाच.

थर्मल कॅमेरा, म्हणजे ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीची उष्णता टिपणारा, असेल तर गणित तेच पण ढग नकोत. वस्तूची स्वतःची उष्णता आणि तिच्यावरून परावर्तित होणारी उष्णता एकमेकींना काटकोनात पोलराइज होतात, आजूबाजूचं तापमान सारखं असलं की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. थंड आकाश लागतं, आणि मुंबईच्या दमट हवेत ते फारसं मिळत नाही, त्यामुळे थर्मलवर पैसे घालायचेच असतील तर डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या रात्री धरून चला.